दुरुस्त केलेलं हृदय

माझ्या सासऱ्यांनी माझ्या मुलीचं हृदय दुरुस्त केलं आणि मी ते हातोडीने फोडलं. आमच्याकडे कुणी आलं-गेलं की यातला दुसरा भाग तेवढा चवीने सांगितला जातो. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचा धंदा अवयवांचा. शाळांच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात तो उभा कापलेला कान असतो, भिंगासकट उघडणारा डोळा असतो, ते सगळं आमच्यासारख्यांच्या कारखान्यातून येतं. कारखाना म्हणजे घराच्या मागची पत्र्याची लांबट खोली. सासरे साचे ओततात, सुटे भाग घासून एकमेकांत बसवतात. नवरा ऑर्डरी घेतो आणि त्याने हौसेने आणलेलं छपाईचं मशीन सांभाळतो. हे मशीन कागदावर छापत नाही, रेझिनचे थरावर थर चढवून अख्खी वस्तू उभी करतं. रंग मी देते. फळीवर मूत्रपिंडं वाळत असतात, खाली जबडे मांडलेले असतात, आणि सासूबाई जेवायला बोलवायला येतात तेव्हा इतक्या वर्षांनीही दारातूनच हाक मारून परत जातात.

हृदय हा आमचा सगळ्यात खपणारा माल आणि सासऱ्यांचा जीव की प्राण. मी नवी सून म्हणून कारखान्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी मला मूठ वळायला लावली.

"तुझं हृदय एवढं," ते म्हणाले. "पत्त्यातल्या बदामासारखं नसतं ते. ते डोक्यातून काढून टाक."

मग त्यांनी समोरचं मॉडेल मधोमध उघडलं. दोन पंप, एकाच भिंतीला पाठ लावून बसलेले. वरच्या कप्प्यांत रक्त येतं, खालचे कप्पे ते बाहेर ढकलतात. उजव्याला फक्त शेजारी, फुप्फुसात पाठवायचं असतं, म्हणून त्याची भिंत पातळ. डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं, म्हणून त्याची भिंत चांगली तिप्पट जाड. उजवी बाजू निळी रंगवायची, डावी लाल. एरवी धमन्या लाल आणि शिरा निळ्या, फुप्फुसाकडे जाणारी धमनी मात्र निळी, कारण तिच्यातलं रक्त अजून शुद्ध व्हायचं असतं, आणि तिकडून परत येणाऱ्या शिरा लाल. दर वर्षी एखादा मास्तर फोन करून सांगतो की तुम्ही रंग उलटे दिलेत. सासरे त्याची फोनवरच शिकवणी घेतात आणि फोन ठेवल्यावर म्हणतात, "याच्या वर्गातल्या पोरांचं काही खरं नाही."

माणूस हाताचा पक्का, यात वाद नाही. झडपांना खालून ओढून धरणाऱ्या दोऱ्या ते चिमट्याने एकेक करून लावतात आणि त्यातली एकही कधी सुटत नाही. पण आयुष्यभर त्यांनी एकच हृदय केलं. पुन्हा पुन्हा तेच, पुस्तकातलं, जिथल्या तिथे सगळं असलेलं. ते त्यांच्या बोटांत इतकं भिनलं होतं की दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या गावीच नव्हतं.

आमच्या मुलीला भिंगरी हे लाडाचं नाव त्यांनीच ठेवलं होतं. ती चालायला लागली आणि मला दिसायला लागलं की दोन खोल्या ओलांडल्या की ही उकिडवी बसते. ओठ वेगळेच दिसायचे. रडली की नखंसुद्धा. मी बोलून दाखवलं की सासरे म्हणायचे, "रंग जरा दबलेला आहे. आपल्या घरात सगळेच तसे." मी दिवसभर रंगात हात घालून बसते. सावळा कुठला आणि निळा कुठला हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी मूग गिळून बसले, कारण नवराही तेच म्हणत होता. एका दुपारी ती रडता रडता निपचित पडली, तेव्हा मात्र मी कुणाला न विचारता तिला उचललं आणि हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या डॉक्टर फक्त मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करतात. मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी कागदावर चित्र काढलं. महाधमनी, म्हणजे सगळ्या शरीराला रक्त नेणारी मोठी नळी, डाव्या कप्प्यातून निघायला हवी. भिंगरीच्या दोन्ही मोठ्या नळ्या उजव्याच कप्प्यातून निघाल्या होत्या. त्यातली फुप्फुसाची नळी तोंडाशी अरुंद होती. आणि दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला भोक होतं. त्यापुढे त्या बराच वेळ समजावत होत्या, पण माझं डोकं भोकापाशीच अडकलं. नळ्या इकडच्या तिकडे जाणं मनाला नीट धरताच येत नव्हतं. भोकाचं तसं नाही. भोकावर राग धरता येतो. मी त्या भोकावर असा राग धरला की जेवताना, आंघोळ करताना, रंग ढवळताना मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते.

घरी येऊन सांगितलं तर सगळे डॉक्टर झाले. सासूबाई म्हणाल्या भोकं आपोआप बुजतात, त्यांच्या मावसबहिणीच्या नातवाचं बुजलं. नवरा म्हणाला, आजकाल सगळ्यावर उपाय आहेत. सासरे उठले, कारखान्यात गेले आणि एका हृदयाला पॉलिश पेपर मारत बसले. सगळं ठीक होईल, सगळं ठीक होईल. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. कसं होईल, कोण करेल, हे कुणी विचारत नव्हतं.

ते डॉक्टरांनीच सांगितलं. अशा प्रत्येक मुलाचं हृदय वेगळं असतं, म्हणाल्या. स्कॅन कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतो, पण त्यांना ते हृदय आधी हातात धरून, आतून कापडाची पट्टी शिवून बघायचं होतं. एवढ्याशा हृदयात ऐन वेळी विचार करायला फुरसत मिळत नाही. असं मॉडेल बाहेरून मागवलं तर यायला महिना लागतो, आणि भिंगरीला पुन्हा एकदा तसा निळा झटका आला तर महिना कुणी बघितलाय. तेव्हा नवऱ्याने सांगितलं की आमचा धंदाच तो. डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. त्यांनी स्कॅनची फाइल दिली. ऑपरेशन शुक्रवारी, मॉडेल बुधवारी संध्याकाळी त्यांच्या हातात.

रविवारी मशीनने हृदय छापून दिलं. मशीनमधून निघालेल्या वस्तूला आतबाहेर बारीक टेकू असतात, ते कापून काढावे लागतात. कधी थर नीट बसत नाहीत आणि भोकं राहतात, कधी एखादा भाग सरकून छापला जातो. म्हणून आमच्याकडे सासऱ्यांनी घालून दिलेला नियम आहे. मशीनवर विश्वास ठेवायचा नाही. तुकडा आला की नमुन्याशी ताडून बघायचा, भोक दिसलं की लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, सरकलेलं कापून जागेवर बसवायचं. या नियमामुळे आमचा माल कधी परत आला नाही. ते हृदय मी स्वतः नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, हे भिंगरीचं." त्यांनी चष्मा लावला.

मंगळवारी सकाळी ते माझ्या टेबलावर आलं. वरून पांढरा हात मारलेला, दोन अर्धुकं एकमेकांत बिनचूक बसलेली. नळ्या वेगवेगळ्या ओळखू याव्यात म्हणून डॉक्टरांना रंग हवे होते. या रंगकामाची मला आठवडाभर धास्ती होती. जिथे दोन्ही रक्तं मिसळतात त्या कप्प्याला कुठला रंग द्यायचा? आमच्या कारखान्यात लाल आणि निळा सोडून हृदयाला तिसरा रंग कधी लागलाच नव्हता. मी लाल-निळा मिसळून वाटीभर जांभळा करून ठेवला होता आणि त्या वाटीकडे बघायचंही टाळत होते.

ब्रश घेतला. निळ्यापासून सुरुवात केली. उजवा वरचा कप्पा, उजवा खालचा, तिथून निघणारी फुप्फुसाची नळी. मग लाल. हात सरसर चालला होता. डावा कप्पा, महाधमनीचं मूळ, तिची कमान. अर्ध्याहून जास्त काम उरकलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी नेहमीसारखी गुणगुणत होते.

मी ब्रश खाली ठेवला. हे इतकं सोपं जायला नको होतं. अर्धुकं वेगळी करून आत बोट घातलं. पडदा इकडून तिकडे गुळगुळीत. नखाने खरवडलं तर पांढऱ्या रंगाखालून लांबीचा करडा पापुद्रा निघाला. महाधमनीच्या मुळाशी बारीक गोल रेघ होती, गोंदाची. नळी मुळापासून कापून डाव्या कप्प्यावर आणून बसवली होती, आणि इतकी सफाईने की मी स्वतः वरून रंग देऊनही मला कळलं नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी ते हृदय घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले.

"बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं?" ते एक जबडा घासत होते. मान वर केली नाही.

"पडद्यातलं भोक कुठे गेलं?"

"मशीनने थर खाल्ले होते तिथे. भरले."

"आणि महाधमनी?"

"सरकली होती. जागेवर आणली."

"बाबा, मी तुम्हाला सांगून गेले होते. हे भिंगरीचं आहे म्हणून सांगून गेले होते."

त्यांनी जबडा खाली ठेवला, चष्मा काढला. "म्हणूनच नीट केलं," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते पुढे बोलत राहिले, आवाज चढवून. "त्या मशीनला काय कळतं? आणि त्या स्कॅनवाल्यांना? हृदय असं नसतं. दोन्ही नळ्या एकाच कप्प्यातून? मी जन्मभर हेच करत आलोय. असं हृदय असूच शकत नाही. आमच्या घराण्यात असलं हृदय कुणाचं झालेलं नाही."

"मग हिला घराण्यातून काढून टाका," मी म्हटलं. "पण डॉक्टर शुक्रवारी हिचीच छाती उघडणार आहेत. तुमच्या घराण्याची नाही."

"तोंड सांभाळून बोल, सूनबाई."

"तोंडच सांभाळत आले मी. ती निळी पडत होती तेव्हा तुम्ही रंग दबलेला म्हणत होतात, तेव्हाही सांभाळलं."

मी हातातल्या हृदयाकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, फार सुंदर होतं. झडपेच्या दोऱ्यासुद्धा त्यांनी नव्याने ओवल्या होत्या. इतकं सुबक काम त्यांनी कुणासाठी केलेलं मी बघितलं नव्हतं. या हृदयाच्या मुलीला पळता आलं असतं. तसली मुलगी आमच्या घरात नव्हती. घरात भिंगरी होती आणि तिच्या हृदयाला या घरात कुणी जागाच देत नव्हतं. टेबलावर हातोडी होती. मी ते हृदय तिथेच ठेवलं आणि हातोडी घातली, एकदा, दोनदा, मग मोजलं नाही.

नवरा धावत आला. तुकडे बघितले, वडिलांचा चेहरा बघितला आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "अगं, निदान लांबी खरवडून बघायची होतीस. बाबांना किती लागलं असेल याचा विचार केलास?"

"नाही केला. आणि आज करणारही नाही."

"डॉक्टरांकडे स्कॅन आहेच ना. अगदीच मॉडेल नसलं तरी..."

"तरी काय? बोल की. तरी काय?"

मी त्याला सांगितलं की आत्ताच्या आत्ता मशीन सुरू कर, आणि तोंडातून एक शब्द काढू नकोस. त्याने ते निमूटपणे केलं. त्याच्यातला हा एक गुण मला आवडतो, पण त्या दिवशी त्याचाही रागच आला. घरात एक जण चुकीचं ठासून बोलतो आणि दुसरा काहीच ठासून बोलत नाही, आणि मधे माझी पोरगी.

बुधवारी सकाळी नवं हृदय मशीनमधून निघालं, टेकूंच्या जाळीत गुरफटलेलं. नवऱ्याने चिमटा हातात घेतला आणि पहिल्याच टेकूबरोबर झडपेची कड तडकली. दुसऱ्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही. मी करून बघावं म्हटलं, तर माझा हात ब्रशाचा, चिमट्याचा नव्हे. संध्याकाळपर्यंत तिसरं छापून होणार नव्हतं. कारखान्यात हे काम करू शकणारे हात एकाच माणसाचे होते.

मला त्या माणसासमोर जाऊन उभं राहायची इतकी चीड आली की मी आधी नळाखाली तोंड धुतलं. सासरे मागच्या पायरीवर बसले होते. कालपासून ते कारखान्यात आले नव्हते, धड जेवलेही नव्हते. सासूबाईंनी मला दोनदा तसं ऐकवलं होतं.

"बाबा, उठा. टेकू काढायचेत."

"मला नाही जमायचं."

"तुम्हालाच जमतं. मला तुमच्याशी बोलायचीसुद्धा इच्छा नाहीये, पण तुमच्याशिवाय होत नाही. उठा."

"ते वाकडं हृदय मी माझ्या हाताने घडवू? तिचं?"

"घडवायचं नाही. ते घडलेलं आहे. तिच्या छातीत, आत्ता, ते तसंच धडधडतंय. तुम्ही फक्त वरचं काढा."

ते उठले. मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले, समोर नवऱ्याचा कॉम्प्युटर, त्यावर स्कॅनचं चित्र. ते एक टेकू कापायचे आणि थांबायचे. आपसूक त्यांचा हात लांबीच्या डब्याकडे जायचा. मी तिसऱ्यांदा तो डबा उचलला आणि खिडकीतून बाहेर ठेवला.

"हा काठ खरबरीत आहे. घासू?"

"चित्रात खरबरीत आहे. राहू द्या."

"ही नळी इथे अशी तिरकी..."

"तिची तिरकी आहे."

"आणि भोक?"

"भोक आहे तसं."

दुपारपर्यंत आम्ही असे बसलो. मी एकही गोड शब्द बोलले नाही आणि त्यांनी मागितलाही नाही. त्यांचं काम मात्र चोख होतं. नवऱ्याने तडकवलेली कडसुद्धा त्यांनी चित्राबरहुकूम सांधली. मग मी रंग दिला. तो जांभळा रंग उजव्या खालच्या कप्प्यात आणि महाधमनीत भरताना मला रडू आलं, पण ते मी त्यांच्याकडे पाठ करून उरकलं.

संध्याकाळी भिंगरीला दाखल करायचं होतं. मी सासऱ्यांना सोबत यायला लावलं. नवरा म्हणाला, कशाला त्यांना. मी म्हटलं, डॉक्टरांनी आतल्या कामाचं काही विचारलं तर उत्तर त्यांनी द्यायचं. खरं सांगायचं तर मला ते त्यांना बघायला लावायचं होतं. ते हृदय खरं आहे हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्या कानावर पडायला हवं होतं. मी एवढी दुष्ट आहे.

डॉक्टरांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला आम्ही. भिंगरी नवऱ्याच्या मांडीवर, त्याच्या शर्टाची गुंडी चघळत. डॉक्टरांनी मॉडेल उघडलं, आत बॅटरी मारली, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिल्या. मग पांढऱ्या कापडाची लहानशी पट्टी चिमट्यात धरून आत घातली, वळवली, बाहेर काढली, पुन्हा घातली.

"भोक लहान आहे," त्या म्हणाल्या.

सासरे दचकले. "मी लहान नाही केलं," ते घाईने म्हणाले. "आहे तसंच ठेवलंय. सुनेला विचारा."

"नाही, नाही. काम अगदी बरोबर आहे. हिचंच भोक लहान आहे. स्कॅनमध्ये मला शंका होती, हातात घेतल्यावर खात्री झाली. मोठं करावं लागेल."

"मोठं?" ते म्हणाले. मीही तेच म्हणणार होते.

डॉक्टरांनी मॉडेल आमच्याकडे वळवलं आणि चिमट्याचं टोक डाव्या कप्प्यात ठेवलं. "हे बघा. फुप्फुसातून शुद्ध रक्त इथे येतं. एरवी इथून महाधमनी निघते, रक्त तिच्यातून सगळ्या शरीरात जातं. हिची महाधमनी पलीकडच्या कप्प्यात आहे. मग या कप्प्यातलं रक्त बाहेर कुठून पडणार?" त्यांनी चिमटा भोकातून पलीकडे काढला. "इथून. याला दुसरं दारच नाही. मी त्या बाजूने भोकापासून महाधमनीपर्यंत या कापडाचा बोगदा शिवणार आहे, म्हणजे शुद्ध रक्त सरळ महाधमनीत जाईल. फुप्फुसाच्या नळीचं अरुंद तोंडही रुंद करीन. पण बोगद्याचं दार अपुरं असेल तर उपयोग नाही."

"आणि हे भोक नसतंच तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"तर ही जन्मल्यावर जगली नसती," डॉक्टर म्हणाल्या. "या भोकावरच जगली आहे ती इतके दिवस. पहिल्या भेटीत मी सांगितलं होतं बहुतेक."

सांगितलं असेल. मी ऐकलं नव्हतं. ज्या भोकाला मी जेवताखाता शिव्या घातल्या त्याच्यातून माझ्या मुलीचा प्रत्येक श्वास आजवर पार पडला होता. मी भिंगरीकडे बघितलं. तिने गुंडी सोडून आता शर्टाची कॉलर धरली होती.

"मी ते बुजवलं होतं," सासरे म्हणाले. टेबलाकडे बघत, अगदी सरळ आवाजात. "याच्या आधीच्यात. लांबी भरून. सुनेने ते फोडलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. "मी असल्या मॉडेलला सुरी लावली की तडकतं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे हत्यारं आहेत का?"

सासरे कुठेही जाताना खिशात बारीक कानस आणि पातं ठेवतात. त्यांनी ती काढून टेबलावर मांडली.

"मग तुम्ही कापा. मी सांगते तसं. खालच्या कडेला अजिबात हात लावायचा नाही. तिच्यातून ठोक्याचा निरोप पोचवणारे तंतू जातात, ते तुटले तर हृदयाचा ताल जातो. वरून, पुढच्या अंगाने."

त्यांनी मॉडेल जवळ ओढलं. त्या दिवशी पातं पडद्याला टेकेना. मला त्याचाही संताप आला, मी दोन्ही हातांनी मॉडेल घट्ट धरलं आणि म्हटलं, "बाबा, कापा." त्यांनी कापलं. डॉक्टरांनी पट्टी घालून बघितली. अजून थोडं, म्हणाल्या. त्यांनी कानस फिरवली. अजून. पुन्हा फिरवली. चौथ्या खेपेला पट्टी वळून, कुठेही न अडता, भोकातून महाधमनीपाशी जाऊन बसली. डॉक्टर म्हणाल्या, "हे मला शुक्रवारी ऑपरेशनच्या टेबलावर कळलं असतं तर अवघड होतं."

शुक्रवारी आम्ही ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर होतो. सासूबाई डोळे मिटून, नवरा उभा, सासरे दाराच्या अगदी समोर. दुपार उलटून गेल्यावर डॉक्टर बाहेर आल्या, टोपी कपाळावर तशीच. बोगदा बसला, म्हणाल्या. हृदय स्वतःच्या तालावर चालू आहे, आता दोन दिवस डोळ्यात तेल घालून बघायचं. नवरा भिंतीला टेकून रडायला लागला. मी विचारलं की तिला कधी बघता येईल. त्या म्हणाल्या, थोड्या वेळाने, आणि जायला वळल्या.

"डॉक्टर," सासऱ्यांनी हाक मारली. "खालची कड?"

त्या थांबल्या. "हात लावला नाही."

ते बाकावर बसले आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन रडले. माझा राग गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.